सोळा विटा

आमच्या परसात, तुळशीवृंदावनापासून चार हातांवर, गेल्या वैशाखापासून सोळा विटा पडून आहेत. पडून आहेत असे म्हणणे तितकेसे खरे नव्हे. रोज संध्याकाळी त्यांची काहीतरी मांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी ती मोडली जाते. शेजारच्या गृहस्थांनी आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी त्यांनी कुंपणावरून विचारलेच, "काय जी, न्हाणी बांधता का?" मी म्हटले, "नाही, परीक्षेचा अभ्यास चालला आहे." त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर सेवानिवृत्त माणसांना चांगली ओळखीची असते. मी तिकडे लक्ष दिले नाही.

परीक्षा माझी नव्हती, माझ्या भाचीची होती. ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. गाव राजुऱ्याकडचे, आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेली, आणि डोक्यात एकच ध्यास: रेल्वेचे इंजिन चालवायचे. बल्लारपुरात राहणाऱ्याला या ध्यासाचे फारसे नवल वाटत नाही. दिल्लीहून मद्रासकडे जाणारा हमरस्ता म्हणावा असा लोहमार्ग आमच्या गावातून जातो, गोंदियाचा फाटा इथेच फुटतो, आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून मालगाडी की प्रवासी गाडी, हे आमची पोरेसोरे सांगतात. आणि मुलगी म्हणून कोणी नाक मुरडलेच तर तिच्याजवळ उत्तर तयार असे. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकातच इंजिनात चढल्या होत्या, आणि १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत त्यांनीच आणली. "मग काहून नाही जमणार, मामा?" असे ती विचारी, आणि मामापाशी उत्तर नसे.

लेखी परीक्षेचे दोन टप्पे ती पार झाली आणि माझ्याकडे राहायला आली, कारण तिसरा टप्पा चमत्कारिक होता. त्याला अभिक्षमता चाचणी म्हणतात. पूर्वी ती कागदावर होई, आता संगणकाच्या पडद्यावर होते. इतिहास नाही, भूगोल नाही, पाठांतर नाही. लखनौच्या रेल्वे संशोधन संस्थेतल्या मानसशास्त्रज्ञांनी ठरवलेले पाच प्रकार: स्मरण, सूचनांचे पालन, एकाग्रता, नजरेचा वेग, आणि पाचवा खोलीचा अंदाज. हा पाचवा प्रकार म्हणजेच आमच्या परसातल्या विटा.

पडद्यावर विटांच्या रचनेचे चित्र येते. त्यातल्या काही विटांवर अक्षरे असतात. प्रश्न एवढाच, की या अक्षराच्या विटेला एकूण किती विटा शिवतात? चित्र सपाट, विटा मात्र जाडजूड. काही पुढे, काही मागे दडलेल्या. जी वीट दिसत नाही ती डोळ्यांनी नव्हे, मनाने पाहायची, आणि तीही घड्याळाकडे लक्ष ठेवून. प्रश्न हिंदी-इंग्रजीत असतात. पण विटांना कुठली आली भाषा?

पहिल्याच दिवशी तिने पुस्तक माझ्यापुढे धरले. "मामा, हे किती?" चित्र अगदी साधे होते. खाली तीन विटा एकमेकींना चिकटून, त्यांच्यावर दोन आडव्या. मधल्या विटेला किती शिवतात? मी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले आणि म्हणालो, "तीन."

"चार, मामा. बाजूच्या दोन अन् वरच्या दोन. मागची वरची तुम्हाला दिसली नाही."

ती हसली. मीही हसलो. पण माझ्या पोटात काहीतरी जुने हलले.

त्यासाठी मला तुम्हांला १९७६ सालात न्यावे लागेल. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. कुठल्याशा कारखान्यात शिकाऊ फिटर म्हणून घेण्यासाठी मुलांची निवड व्हायची होती. शहरातल्या एका मोठ्या दालनात आम्हां पन्नास-साठ जणांना बसवले आणि प्रत्येकाच्या हाती एक छापील पुस्तिका दिली. तीत आकृत्याच आकृत्या होत्या. या तुकड्यांपासून कोणता आकार बनेल? या कागदाला घड्या घालून भोक पाडले, तर उलगडल्यावर भोके कुठे दिसतील? ही आकृती फिरवली तर पुढच्या चारांपैकी कोणती होईल?

मी काय केले, तर पुस्तिका फिरवली. आकृती आडवी असेल तर कागदही आडवा धरायचा, यात मला काही गैर वाटले नाही. तोच मागून आवाज आला, "कागद सरळ धर! डोके फिरव, कागद नाही!" सारे दालन हसले. त्यानंतर माझे डोके खरेच फिरले, परंतु त्यांना हवे होते तसे नाही. पुढची दोन पाने मी कोरीच ठेवली. पंधरा दिवसांनी चिठ्ठी आली. यांत्रिक कामास आवश्यक अशी आकारांची समज या उमेदवारात कमी आहे, असा तिचा आशय होता.

चिठ्ठी केवढी, तर पोस्टकार्डाच्या अर्ध्याएवढी. पण माणूस तळहातावरच्या रेषेवर जितका विश्वास ठेवत नाही, तितका मी तिच्यावर ठेवला. माझ्या डोक्यात एक कप्पा बांधायचाच राहून गेला आहे, ही माझी खातरी झाली. पुढे इथल्या लाकूड-डेपोत कारकुनी मिळाली आणि मी तिथेच चाळीस वर्षे काढली.

ज्या डेपोंतून मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान निघाले, ते आमच्या गावचे डेपो. आलापल्लीकडच्या जंगलांतले साग इथे येत, त्यांच्या थप्प्या लागत आणि लिलाव होत. माझे काम हिशेबाचे. ओंडक्याच्या घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचे, झाले घनफळ. हे घनफळ खऱ्यापेक्षा शेकडा एकवीस-बावीसने कमी भरते. चिरकामात जाणाऱ्या लाकडाची सूट त्यात आपोआप धरली जाते, असे जुने लोक सांगत. मी हजारो ओंडक्यांची घनफळे काढली, पण एकाही ओंडक्याचा आकार माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला नाही. बाहेर उन्हात उभा असलेला मुकादम मात्र थप्पीकडे एकदा पाही आणि म्हणे, "खालून तिसरा ओढू नका, वरचे दोन पायावर येतील." तो कधी चुकला नाही. त्याला अक्षर येत नव्हते. कुणी त्याच्या हाती छापील पुस्तिका दिली असती तर त्याला किती गुण मिळाले असते, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. माझे गुण मला पाठ होते, तेवढे मला पुरे होते.

भाचीच्या निमित्ताने मी या विषयावर जे हाती लागेल ते वाचू लागलो. निवृत्तीनंतर माणसाला उशिरा आलेले कुतूहल फार जोरात येते. तेव्हा कळले की, या आकृत्यांच्या परीक्षांना शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९२० च्या दशकात कोह्स नावाच्या गृहस्थांनी रंगीत लाकडी ठोकळ्यांची परीक्षा काढली. नक्षी पाहायची आणि ठोकळे मांडून तशीच करून दाखवायची. आपल्याकडे डॉ. भाटिया यांनी उत्तर प्रदेशातल्या मुलांसाठी जो चाचण्यांचा संच केला आणि १९५५ साली प्रसिद्ध केला, त्यातही हे ठोकळे आहेत. हेतू हा की, ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याचीही बुद्धी दिसावी. मला एकदम आमचा मुकादम आठवला. म्हणजे त्याच्यासाठीही कोणीतरी परीक्षा काढून ठेवली होती. ती त्याच्यापर्यंत आली नाही इतकेच.

पण मी खरा थबकलो तो एका दुसऱ्याच प्रयोगापाशी. १९७१ साली अमेरिकेत रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी आठ माणसांना ठोकळ्यांच्या जोड्या दाखवल्या. थोड्याथोडक्या नव्हे, सोळाशे. दहा चौकोनी ठोकळे चिकटवून केलेला एकेक वाकडातिकडा आकार, आणि ही चित्रे संगणकाकडून काढून घेतलेली. दोन्ही आकार एकच आहेत की वेगळे, एवढेच सांगायचे. त्यांनी उत्तराला लागणारा वेळ मोजला. दोन चित्रांमध्ये कोनाचा फरक जितका अधिक तितका वेळ अधिक, आणि तोही अगदी सरळ रेषेत वाढणारा. कोन काहीच नसला तर सेकंदभर, अर्धे वर्तुळ फिरवायचे असले तर चार-पाच सेकंद. याचा अर्थ असा की, माणूस मनातल्या मनात ती वस्तू खरोखरच फिरवतो, जणू हातात धरून, सुमारे साठ अंश एका सेकंदाला.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि ओसरीवर येऊन बसलो. तर मग १९७६ साली मी काय पाप केले होते? सगळेच फिरवत होते. बाकीचे मनात फिरवत होते आणि मी हातांनी. माझे मन जे शिकले नव्हते ते हात त्याला शिकवू पाहत होते. आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

विटा आणण्याची कल्पना मात्र माझी नव्हे, आमच्या सौभाग्यवतींची. मामा-भाची पुस्तकावर डोके आपटताना पाहून त्या म्हणाल्या, "अवो, कागदावरच्या विटा कायले मोजता? खऱ्या आणा ना!" त्या बोलण्याने माझ्या डोळ्यांपुढचा पडदाच सरला. ज्या बाई सणावाराला ठिपके मांडून डावीकडची नक्षी उजवीकडे उलटी उतरवतात, आणि एवढ्याशा डब्यात बेसनाचे लाडू असे बसवतात की रेल्वेत हलले तरी फुटत नाहीत, त्यांना कोणी कधी परीक्षेला बसवले नव्हते!

सोळा विटा आल्या. रोज दिवेलागणीपूर्वी भाची चित्रातली रचना मांडायची, मी एकेका विटेवर हात ठेवून मोजायचे, मग चारी बाजूंनी फिरून पाहायचे. नंतर विटांकडे पाठ करून तीच रचना कागदावर काढायची. पहिला महिना माझी फजिती पाहायला आळीतली मुले जमत. दुसऱ्या महिन्यात मी दहांपैकी सहा बरोबर सांगू लागलो. श्रावणात एके दिवशी पुस्तकातले नवे चित्र पाहिले आणि मागची, न दिसणारी वीट मला दिसली. दिसली म्हणजे तिथे ती आहे, तिच्यावर हात ठेवता येईल, असे वाटले. मी "सात" म्हणालो. पाठीमागे उत्तर सातच होते. साठी उलटलेल्या माणसाने परसात उडी मारू नये हे मला समजते. पण मी मारली.

हा काही माझ्या एकट्याचा चमत्कार नव्हे, हेही पुढे कळले. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शेरिल सॉर्बी या प्राध्यापक बाईंनी १९९० च्या दशकात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातल्या, अशा परीक्षेत मागे पडलेल्या मुलामुलींना ठोकळे जोडायला आणि हाताने आकृत्या काढायला लावले. मुले सुधारली, आणि बरीच. २०१३ साली काही संशोधकांनी अशा शिकवणीचे २१७ अभ्यास एकत्र करून पाहिले. निष्कर्ष असा की, ही शक्ती सरावाने वाढते, आणि शिकलेले काही काळ टिकते. मुली या आकृत्या फिरवण्यात सरासरीने मुलांच्या मागे दिसतात असे जे सांगतात, तो फरकही घड्याळ सैल सोडले की कमी होतो. परीक्षा खोटी नसते. ती त्या दिवशी माणूस कुठे उभा आहे ते मोजते. तो उद्या कुठे पोचेल हे तिला विचारलेलेच नसते. ते उत्तर आपण आपल्या पदरचे लिहितो.

आणि इथेच मला जे सांगायचे आहे ते सांगितले पाहिजे; कारण विटांची गंमत तुम्हांला सांगून हे लपवले तर ही सारी हकीकत लबाडीची होईल.

मला एक मुलगी आहे. आज ती पुण्याला बँकेत आहे, तिचे उत्तम चालले आहे. ती अकरा वर्षांची असताना एका दिवाळीला तिने हट्ट धरला की, आकाशकंदील विकतचा नको, आपण करू. बांबूच्या कामट्या तिने बुरुडाकडून आणल्या. बांबूला आणि कागदाला आमच्या गावात काय तोटा! त्याच दोहोंवर तर १९४५ पासून गाव वाढले. तिने कामट्यांचे सहा चौकोन बांधले. ते कोपऱ्याला कोपरा जुळवायचे होते. एक कोपरा जुळेना, तशी ती माझ्याकडे आली. मी कौतुकाने, अगदी मायेने म्हणालो, "राहू दे ग. आपल्या घरात ते डोके नाही. आपण हिशेबाची माणसे."

कंदील त्या वर्षी बाजारातून आला.

दहावीला तिने स्थापत्याची पदविका करायची म्हटले. मी तेच वाक्य पुन्हा उच्चारले. तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि वाणिज्य शाखेचा अर्ज भरला. मी तिला परीक्षेला बसवले नाही, आकृती दाखवली नाही, काही नाही. माझ्या सतराव्या वर्षीच्या चिठ्ठीवर तिचे नाव घातले आणि तिच्या हाती दिली. बाप लेकीला दागिने देतो, भांडी देतो. मी हे दिले. त्या चिठ्ठीवरची शाई माझ्याच एका दिवसापुरती होती, हे कळायला मला सोळा विटा आणाव्या लागल्या.

भाचीची परीक्षा पावसाळ्यात झाली. तिला पोचवायला मी गेलो. बाहेर झाडाखाली माझ्यासारखेच पुष्कळ मामे, बाप आणि भाऊ उभे होते. आत पडद्यावर विटा येत-जात असतील. तिथे कागद नाही, त्यामुळे तो फिरवण्याचा प्रश्न नाही आणि मागून ओरडणारा कोणी नाही, या विचाराने मला जरा बरे वाटले. पण मग वाटले, संगणक ओरडत नाही हे खरे, तरी तो क्षण न् क्षण मोजतो. आणि कागदाचे पान उलटून "हे नंतर पाहू" म्हणण्यात जो दिलासा होता तो प्रत्येक ठिकाणी तो देतोच असे नाही. यंत्राला माणसाची दया नाही, तसा रागही नाही. दोन्हींचे फायदे-तोटे सारखेच असावेत.

ती बाहेर आली आणि म्हणाली, "मामा, विटा आपल्या परसातल्याच होत्या!"

निकाल लागला. या चाचणीत प्रत्येक प्रकारात वेगवेगळे, आणि कोणालाही सवलत न देता, किमान बेचाळीस गुण लागतात. हे नुसते बरोबर उत्तरांचे गुण नव्हेत. सगळ्यांची सरासरी पन्नास धरून त्या मापाने काढलेले असतात. त्या मापात बेचाळिसाच्या खाली शंभरात साधारण एकवीस जण राहतात. पाच चाळण्या, आणि पाचही पार व्हायला हव्यात. विटांच्या चाळणीतून ती सहज गेली. दुसऱ्या एका प्रकारात बेचाळिसाला थोडक्यात अडली.

ती रात्री जेवली नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. माझ्या ओठांवर जुनेच वाक्य आले होते, सवयीने, ते मी गिळले आणि म्हणालो, "ज्यात अडलीस त्याच्यासाठी काय आणायचे ते सांग. विटा आणल्या तसे तेही आणू." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "विटा टाकू नका, मामा. त्याही पुन्हा लागतील."

म्हणून त्या अजून परसात आहेत.

गेल्या आठवड्यात मी पुण्याला मुलीला फोन केला. इकडचे-तिकडचे बोलून झाले आणि मग सारे सांगून टाकले: ती चिठ्ठी, तो कंदील, तो अर्ज. पलीकडे शांतता. फोन बंद पडला की काय असे मला वाटले. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्हांला तो कंदील अजून आठवतो?" मी म्हटले, "आठवतो." ती म्हणाली, "मला राग आला होता. पुष्कळ वर्षे होता." मी काही बोललो नाही, बोलण्यासारखे काही नव्हते. थोड्या वेळाने तिनेच विचारले, "कोपरा कुठला जुळत नव्हता, कळले का तुम्हांला?"

"नाही," मी म्हणालो.

"सहा चौकोन सपाट जमिनीवर ठेवून जुळवत होते मी. ते उचलून धरायला हवे होते. मला एकटीला दोनच हात होते."

परवा ती मुलांना घेऊन येते आहे. बुरुडाकडून चोवीस कामट्या मी आणून ठेवल्या आहेत. सहा चौकोन कोपऱ्याला कोपरा बांधले की, मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. वेगळे करावे लागत नाहीत. हे मी विटांवर बसून कागदावर काढून पाहिले आहे. एकदा कागद फिरवलाही. बांधायला मात्र मी एकट्याने घेणार नाही. ती बांधील, आणि मी धरून उभा राहीन.